मदत हवी आहे : काल्पनिक बंदराची गोदी नदीमुखाशी की आत खाडीत?

एका काल्पनिक देशाचा नकाशा करतोय, अडलंय राजधानीच्या बंदरावर. काळ शिडाच्या जहाजांचा, म्हणजे गाळ उपसणारं यंत्र (ड्रेजर) नाही. किनारा पश्चिमेचा, पाऊस कोकणासारखा नैऋत्येकडून.

नदीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला त्यावर २ मीटर पाणी. भरती-ओहोटीतला फरक उधाणाला ४.५ मीटर, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरतीला) २. म्हणजे पूर्ण भरतीला दांड्यावर उधाणात ६.५ मीटर, भांगात जेमतेम ५.२५ (मधली पातळी दोन्ही वेळा तीच, ४.२५ धरून). भरलेलं जहाज ५ मीटर बुडतं. तळाखाली अर्धा मीटर तरी हवाच, त्यामुळे अष्टमीच्या आसपास मोठी जहाजं बाहेर नांगरून राहणार आणि माल पडावांतून (लहान मालवाहू होड्यांतून) उतरणार. हे चालेल, उलट पडाववाल्यांची अख्खी वस्ती त्यावर जगेल.

खरी डोकेदुखी गोदी. मुंबईच्या इंदिरा डॉकसारखं दार लावून भरतीचं पाणी आत कोंडलं, की ओहोटीला जहाज चिखलात कलंडत नाही. पण संथ पाण्यात गाळ खाली बसतो, आणि दर उघडझापीला नवा गाळ आत येतो. मुखाशी लाटांचा मार, आत खाडीत गाळ. सोपारा-चौल या जुन्या बंदरांचं गाळानं काय झालं ते माहीतच आहे.

वरच्या बाजूला तळं करून भरतीचं पाणी साठवायचं आणि ओहोटीला एकदम सोडून गाळ धुवायचा, असा बेत आहे. पण त्या लोंढ्याचा जोर दारापासून थोड्याच अंतरावर संपतो. मग धुतलेला गाळ दांड्यावरच जाऊन बसेल का? तळं गोदीच्या किती पट ठेवावं? आणि दार सागवानी केलं तर पोखरणाऱ्या समुद्री किड्यांवर डांबर पुरेल, की तांब्याचा पत्रा मारावा?