सुट्टी, फोन आणि ३०४ नंबरची खोली
सुट्टीच्या दिवशी फोन सरळ बंद ठेवावा, हा नेहमी सुचवला जाणारा उपाय चोवीस तास चालणाऱ्या हॉटेलात टिकत नाही. कारण फोन बंद केला तरी ३०४ नंबरच्या खोलीतल्या गळक्या एसीचा विचार बंद होत नाही. हाउसकीपिंगची प्रमुख म्हणून मला खरी उसंत मिळाली, ती नोंदवहीत प्रत्येक अर्धवट कामापुढे पुढच्या पाळीतल्या जबाबदार व्यक्तीचे नाव लिहू लागल्यापासून. (घरच्या पाळीला मात्र आपल्या जागी येणारा रिलीव्हर नसतो!) कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही, म्हणून रात्री सुचलेले काम मी हाताखालच्या मुलींना सकाळच्या ब्रीफिंगमध्येच सांगते.