हॉटेल बदललं, कंपनी तीच राहिली

परिषदेच्या हॉटेलात कामगारांचा संप असेल तर परिषद दुसरीकडे हलवावी, असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. भावना शंभर टक्के पटते, पण कुठे हलवली हेही बघा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेचं २००४ चं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्टन हॉटेलात ठरलं होतं. त्या वर्षी तिथल्या बड्या हॉटेलांनी वादापायी हजारो कामगारांना टाळेबंदीने, म्हणजे मालकांनीच कामावर येऊ न देता, बाहेर बसवलं. संघटनेने अधिवेशन डिसेंबरात अटलांटाला नेलं, पण तिथेही हिल्टनमध्येच! कामगारांची बाजू घेतली म्हणायची आणि पैसा त्याच कंपनीला द्यायचा. शिवाय आयत्या वेळी शहर बदलल्याने कितीतरी सभासद गेलेच नाहीत. २००५ मध्ये अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेने त्याच वादापायी आपलं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोहून जवळच्याच सॅन होजेला हलवलं. विमानाची तिकिटं खिशातून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कितीतरी बरं.

खरी मेख करारात असते. हॉटेलं काही वर्षं आधीच ठरतात. एका छोट्या परिषदेच्या आयोजनात मी होतो तेव्हा करार वाचला: ठरल्या खोल्या भरल्या नाहीत तर उरलेल्यांचं भाडं आम्ही द्यायचं. संपाचा उल्लेखही नव्हता. हॉटेलात संप, टाळेबंदी किंवा बहिष्कार चालू असेल तर दंड न भरता करार रद्द करता येईल, ही ओळ आम्ही सहीआधी घालून घेतली. हॉटेलने खळखळ केली, पण मानलं. सही झाल्यावर ही सवलत मागून सहसा मिळत नाही. निषेधाचं पत्रक काढण्याआधी आपल्या संघटनेकडे पुढच्या अधिवेशनांचे करार मागा.