भावासाठी व्हीलचेअर घ्यायची आहे, कशी निवडावी?

कराडची ताई:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ नारळावरून पडला, मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. वय २६. दवाखान्यात असते तसली घडीची खुर्ची आहे, ती ढकलायला कायम आई लागते. रोज तालमीत जाणारा मुलगा आता ओसरीच्या बाहेर येत नाही. त्याला स्वतः फिरता येईल अशी खुर्ची कोणती? आणि दारातल्या पायऱ्यांचं काय करू?

चाकावरचा मास्तर:
ताई, मी खुर्चीवर बसूनच शाळेत शिकवतो. आधी भावाचं माप घ्या: बसल्यावर कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघा ते टाच. दवाखान्यातली खुर्ची साधारण १८ इंच रुंद असते. सडपातळ माणूस तीत एका बाजूला कलतो, चाकापर्यंत हात नीट पोचत नाहीत. मद्रासच्या आयआयटीतून उभी राहिलेली निओमोशन कंपनी मापाच्या खुर्च्या बनवते, पुढे जोडायचं बॅटरीचं चाकही मिळतं.

पण खुर्चीआधी तिच्यावर बसायच्या गादीला पैसे ठेवा, हे कळकळीनं सांगतो. संवेदना नसली की सतत बसून जखम होतेय हे कळतच नाही. दर अर्ध्या तासानं पुढे झुकून दोन मिनिटं भार हलका करायचा, रोज रात्री आरशात कातडी बघायची. लाल डाग दिसला की त्यावर बसणं बंद.

उताराला १ फूट उंचीमागे १२ फूट लांबी हवी. लोक आखूड फळी टाकतात. तिच्यावरून एकट्यानं चढताना खुर्ची मागे उलटते.

आणि त्याला मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगा. पेठ इस्लामपूरचे, सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. तालीम सुटली तरी दंड त्याचेच आहेत.

वारणेकाठ:
युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर आधी ते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी सुरू केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था आहे. त्या स्वतः व्हीलचेअरवर असतात. भावाला घेऊनच जा.

कराडची ताई:
पायऱ्या मोजल्या, दोन फूट भरल्या. अंगण सरळ २४ फूट नाही हो.

चाकावरचा मास्तर:
मग भिंतीच्या कडेनं १२ फूट न्या, कोपऱ्यात पाच फुटांचा सपाट चौथरा करा आणि तिथून वळवा. कडेला कठडा हवाच. गवंड्याला गुळगुळीत फरशी लावू देऊ नका, पावसात चाकं घसरतात.