शब्दचर्चा: गाठ 'आक्रमक' की 'जहाल'? आणि 'मार्कर'ला काय म्हणायचं?

सदाशिवपेठी अनुवादक
नमस्कार मंडळी. रुग्णांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. विषय थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग. थायरॉइडच्या सगळ्या कर्करोगांत याचा वाटा १ ते ५ टक्के, म्हणजे तसा दुर्मीळच. गाडी अडलीय एका वाक्यावर: काढलेल्या गाठीचे पातळ काप रंगवतात आणि त्यातल्या मार्करवरून, म्हणजे गाठीची माहिती देणाऱ्या प्रथिनांवरून, गाठ किती अ‍ॅग्रेसिव्ह आहे ते ठरवतात. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'ऊतक-अभिरंजन सूचकांद्वारे आक्रमकतेचे मूल्यमापन'. बायकोने वाचून विचारलं, "हे सोसायटीच्या निवडणुकीचं आहे का?" तिला सूचक म्हटलं की अनुमोदक आठवतो. आणि आक्रमक म्हटलं की मलाही बातम्यांतले कार्यकर्तेच दिसतात. ऊतक, अभिरंजन, सूचक, आक्रमक, चौघांवर मतं द्या.

संस्कृतवाले काका
'ऊतक' नको, 'ऊती' ठेवा. शाळेच्या पुस्तकांत तोच आहे, आणि शब्द अस्सल आहे. ऊत म्हणजे विणलेलं. 'ओतप्रोत'मधला ओत त्याच घरचा. गंमत म्हणजे 'टिश्यू'सुद्धा फ्रेंचमधल्या विणण्यावरूनच आलाय, त्यामुळे इथे जोडी अगदी बरोबर जुळते.

थायरॉइडचं मात्र 'अवटू' करू नका. अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू. ही ग्रंथी पुढे, गळ्याशी. परिभाषा करणाऱ्यांनी रुग्णाची मानच फिरवली. 'मेड्युलरी'लाही 'मज्जा' लावू नका, वाचक हाडांत जाऊन शोधेल.

नुसताच वाचणारा
आक्रमकला 'जहाल' घ्या की! उलट असेल तर 'मवाळ'. पुण्यात टिळक-गोखल्यांपासून जोडी तयार आहे, नवा शब्द घडवायला नको. 'जहाल विष' आपण म्हणतोच.

ब्लॉक कापणारी ताई
मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासणाऱ्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) कापतेय, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे अभिरंजन कुणी करत नाही. 'स्टेन केला', 'आयएचसी लावली' असंच बोलतात. पण दादा, तुमचा खरा घोटाळा शब्दाच्या आधीचा आहे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका 'रंगवणे'त कोंबल्यात.

नेहमीचा स्टेन म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. पहिला एका झाडाच्या लाकडातून येतो, पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो. दुसरा बाकी सगळं गुलाबी. हे झालं रंगवणं. लुगडं बुडवावं तसं सगळंच रंगतं.

आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, तशी नाही. तिथे एका ठरावीक प्रथिनालाच धरणारी अँटिबॉडी कापावर घालायची, जी चिकटली नाही ती धुऊन टाकायची. चिकटलेल्या अँटिबॉडीला एन्झाइम जोडलेलं असतं, आणि ते नंतर घातलेल्या रसायनाचा तिथल्या तिथे तपकिरी रंग करतं. प्रथिन नसेल तर तपकिरी रंग नाही. विड्यासारखं आहे. काथ लाल नसतो, चुना तर पांढराच. दोघं भेटले की विडा रंगतो. म्हणून पहिल्याला 'रंगवणे' आणि दुसऱ्याला 'रंगणे' म्हणा. व्याकरणानेच काम होतं, अभिरंजन लागत नाही.

नुसताच वाचणारा
ताई, हे झकास. (रंगवण्यावरून आठवलं: आपले भाऊसाहेब रंगारी पेशाने वैद्य आणि घरचा धंदा शालू रंगवण्याचा. या धाग्याचं अध्यक्षपद त्यांनाच द्यायला हवं होतं.)

ब्लॉक कापणारी ताई
आता मार्कर. त्यातही दोन जाती आहेत. कॅल्सिटोनिन हे ओळख पटवणारं. हा कर्करोग थायरॉइडच्या सी पेशींतून निघतो आणि त्या पेशी कॅल्सिटोनिन बनवतात. म्हणून काप त्यावर रंगला आणि थायरोग्लोब्युलिनवर (थायरॉइडच्या दुसऱ्या पेशी बनवतात त्या प्रथिनावर) रंगला नाही, की घराणं कळतं. पण घराणं कळलं म्हणून गाठ किती धावतेय ते कळत नाही. त्यासाठी केआय-६७. हे प्रथिन विभागणीच्या फेऱ्यात असलेल्या पेशींच्या केंद्रकात असतं, स्वस्थ बसलेल्या पेशींत नसतं. तपकिरी केंद्रकं मोजायची. २०२२ मध्ये जी प्रतवारी ठरली तिच्यात केआय-६७ किमान ५ टक्के, किंवा २ चौरस मिलिमीटरमध्ये ५ वा जास्त विभागणाऱ्या पेशी, किंवा गाठीत मेलेल्या पेशींचे पट्टे, यांतलं एक जरी सापडलं तरी गाठ वरच्या ग्रेडची. आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी साध्या निळ्या-गुलाबी स्लाइडवर दिसतात, त्यांना मार्कर लागतच नाही! तुमच्या वाक्याने सगळं श्रेय मार्करला दिलंय.

संस्कृतवाले काका
हे 'केआय' काय प्रकरण आहे? ग्रीक?

ब्लॉक कापणारी ताई
नाही काका, गावाचं नाव. जर्मनीतलं कील. तिथे १९८३ मध्ये ही अँटिबॉडी जाहीर झाली. ६७ म्हणजे प्रयोगाच्या ताटलीतली ६७वी खळगी.

संस्कृतवाले काका
म्हणजे आपल्याकडे 'पुणे-६७' झालं असतं. भाषांतर करू नका, तसंच ठेवा.

सदाशिवपेठी अनुवादक
ताई, डोळे उघडलेत. मग ओळखीच्या मार्करला 'ओळखखूण' घेतो. दुसऱ्याला काय? वेगखूण?

ब्लॉक कापणारी ताई
एक सांगते, अगदी अशा सरळ भिंती नसतात. कधी गाठ बिघडत जाते तेव्हा कॅल्सिटोनिन फिकं पडतं आणि सीईए नावाचं याच गाठीतलं दुसरं प्रथिन मात्र रंगत राहतं. ते चांगलं लक्षण मानत नाहीत. म्हणजे ओळखखूणही कधीकधी स्वभाव सांगते.

आणि 'जहाल-मवाळ' नको. जहाल वाचून पेशंट घाबरेल ते एक वेळ ठीक, पण 'मवाळ' त्याहून वाईट. या कर्करोगात खालच्या ग्रेडची गाठसुद्धा मानेतल्या लिम्फ नोडपर्यंत गेलेली असू शकते. मवाळ म्हटलं की माणूस फॉलोअप सोडतो.

संस्कृतवाले काका
'चाल' घ्या. घोड्याची चाल म्हणजे वेग. शत्रू 'चाल करून येतो' तो हल्ला. तुमच्या अ‍ॅग्रेसिव्हमध्ये हे दोन्ही आहे, आणि मराठीत एकाच शब्दात बसलंय. शिवाय सावकाश चालीचीही चाल असतेच, तिला कुणी मवाळ म्हणून सोडून देत नाही.

नुसताच वाचणारा
चाळीत राहणाऱ्यांचा गोंधळ होईल.

संस्कृतवाले काका
चाळीला ळ आहे.

ब्लॉक कापणारी ताई
चाल मला पटतंय. पेशंटचे नातेवाईक असंच विचारतात, "गाठ कशी चाललीय?" आणि 'पॉझिटिव्ह'चं 'सकारात्मक' कृपया करू नका. मागे एका भाषांतरात 'अर्बुद सकारात्मक आढळले' असं वाचलं होतं. गाठ आशावादी असल्यासारखी.

सदाशिवपेठी अनुवादक
नवा खर्डा: "गाठीच्या ऊतीचे पातळ काप तपासतात. काही प्रथिनांवर काप रंगला की गाठ कोणत्या पेशींतून निघाली ते कळते. या प्रथिनांना ओळखखुणा म्हणू. गाठीची चाल कळण्यासाठी किती पेशी विभागत आहेत आणि गाठीचा काही भाग मेला आहे का, हे पाहतात. केआय-६७ नावाचे प्रथिन ५ टक्के किंवा जास्त आढळल्यास चाल जलद असण्याची शक्यता धरतात."

बायकोला दाखवलं. निवडणूक आठवली नाही.

संस्कृतवाले काका
५ टक्के कशाचे?

सदाशिवपेठी अनुवादक
गाठीच्या पेशींचे, ज्यांचं केंद्रक तपकिरी रंगलंय. बदलतो.