मदत हवी आहे: नाटकाच्या पोस्टरवरून चित्रकाराचं नाव काढलं, हक्क काय?

नमस्कार मंडळी. मी लाखांदूर तालुक्यातला (जि. भंडारा), पोस्टर-बॅनरची कामं करतो. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडईसोबत (म्हणजे गावच्या जत्रेसोबत) झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्रभर चालतात. नाटक कंपन्यांची ऑफिसं बरीचशी वडशाला (देसाईगंज, जि. गडचिरोली), त्यामुळं हंगामाआधी पोस्टरची कामंही तिकडूनच येतात.

एका मंडळासाठी नव्या नाटकाचं पोस्टर केलं. कागदावर जलरंगात नायिका, मागं धानाच्या बांध्या (भातशेतं), मग स्कॅन करून पुढची मांडणी. नाटकाच्या नावाची अक्षरंसुद्धा हातानं काढलेली, फॉन्ट नाही. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. उजव्या कोपऱ्यात माझी बारीक सही होती. छापून आलं तेव्हा सही कापलेली, आणि खाली 'डिझाइन' असं लिहून छापखान्याचं नाव. पुढं दुसऱ्या नाटकालाही तेच चित्र वापरलं, नायिकेचा चेहरा काढून तिथं नटीचा फोटो चिकटवून. मानेचा आणि चेहऱ्याचा मेळ नाही. ओळखीचे लोक विचारतात, हे तूच केलं का?

त्या पोस्टरवर लेखक-दिग्दर्शक आहेत, ऑर्गन नि तबल्यावर कोण ते आहे, लाइटवाला, साऊंडवालाही आहे. असायलाच पाहिजेत, रात्रभर राबतात ती माणसं. मग चित्र काढणाराच तेवढा का नको? मॅनेजरशी बोललो तर म्हणाले, "पैसे भेटले ना भाऊ तुले, मंग नाव कायले पाह्यजे?" माणूस वाईट नाही. पण एसटी स्टँडवर पोस्टर पाहून दुसऱ्या मंडळाला वाटतं काम छापखान्याचं आहे, आणि पुढची ऑर्डर तिकडं जाते.

पैसे घेतले की नावाचा हक्क संपतो का? लेखी करार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आहे. आणि संबंध न तोडता हे मागायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली मालकी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे चित्र पुन्हा छापण्यावरून भांडायला गेलात तर तुमची बाजू लंगडी पडू शकते. हातानं काढलेली अक्षरं या कलमात बसतात का, यावर मात्र वाद घालता येईल.

दुसरी गोष्ट नावाची, आणि तिथं तुम्ही भक्कम आहात. कलम ५७ म्हणतं की कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी 'ही कृती माझी' असं सांगण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. कृतीची मोडतोड करून त्याच्या नावलौकिकाला धक्का लावला, तर ते थांबवण्याचा आणि भरपाई मागण्याचाही हक्क आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. काम सरकारनंच सांगितलेलं, पैसेही सरकारचे. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाखाली शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई दिली.

दावा लावायची वेळ आलीच तर कलम ६२ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, म्हणजे तुमच्यासाठी भंडारा. कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच.

प्रतिसाद २

मी पण याच धंद्यात आहे, चंद्रपूरकडे. कोर्टाआधी हे करून पाहा. मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ लिहा: पुढच्या छपाईत 'चित्र व अक्षरलेखन' म्हणून माझं नाव टाका आणि छापखान्याच्या नावासमोर फक्त 'मुद्रण' ठेवा. पैशाचा विषयच काढू नका. छापखान्यालाही हाच मेसेज पाठवा, कारण कधी कधी ऑपरेटर फाइल बसवताना कडा कापतो आणि मालकाला पत्ताच नसतो. कच्ची रेखाटनं, मूळ कागद, लेयरसकट फाइल आणि पैसे आल्याचे मेसेज जपून ठेवा. मी आता बिलावरच एक ओळ छापून घेतली आहे की नाव आणि सही काढायची नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले, आता कोणी विचारत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चेहरा बदलला त्याचं दुःख जास्त आहे, म्हणून मेसेजमध्ये दोन्ही मुद्दे लिहितो.

अजून एक. माझे वडील नाटकाचे पडदे रंगवायचे, जंगल, दरबार, रस्ता. ते आता नाहीत. एका मंडळाकडे त्यांचे पडदे अजून लागतात, पण खालचं नाव रंग मारून झाकलं आहे. त्यांचं नाव परत दिसावं असं मी मागू शकतो का?

प्रतिसाद १

मागू शकता. कलम ५७ चा हक्क कलावंताच्या मागं त्याचे कायदेशीर वारस वापरू शकतात. आधी वारसांना 'कृती त्यांची' हा दावा करता येत नव्हता, २०१२ च्या दुरुस्तीनं ती अडचण काढली. आधी पडद्यांचे स्वच्छ फोटो काढा, नाव झाकलेला कोपरा जवळून घ्या, आणि वडिलांना रंगवताना पाहिलेल्या जुन्या कलावंतांकडून दोन ओळी लिहून घ्या.