'नाद' लागला की 'छंद' जडला? (आणि कॅशला काय म्हणायचं?)

पायपीट
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या सोसायटीच्या (नाशिक, इंदिरानगर) दिवाळी अंकासाठी मी जिओकॅशिंगवर दोन पानं लिहून दिली. पहिलंच वाक्य होतं, 'पंचेचाळिशी उलटल्यावर मला या खेळाचा नाद लागला.' अंक बघणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी 'नाद' खोडून 'छंद' केलं आणि 'लागला'च्या जागी 'जडला'. म्हणाल्या, नाद बाटलीचा असतो, पत्त्यांचा असतो. घरंदाज माणसाला छंद असतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: कुणीतरी एक डबी (खेळात तिला 'कॅश' म्हणतात) कुठेतरी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. आपण जीपीएसच्या आधारे तिथवर जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची. बस, एवढंच. पण या एवढ्याश्यापायी मी दूध आणायला निघाले तरी नकाशा उघडून बघते. शहाद्याला लग्नाला निघालो तर नवरा आहेराचं पाकीट शोधत होता आणि मी वाटेत कुठे डबी आहे का ते. छंदासाठी आपण वेळ काढतो. इथे कुणी मला विचारतच नाही. याला छंद म्हणायचं?

'नाद लागणे' वाईटच असतं का? शनिवारपर्यंत काकूंना सांगायचंय.

शुद्धमती
काकूंचं बरोबर आहे. नादी लागणे, नादाला लावणे, 'त्याचा नाद सोड': एकही प्रयोग चांगल्या अर्थाचा नाही. 'नादिष्ट' हे तर सरळ दूषण आहे. छंद हाच प्रतिष्ठित शब्द. दुसरं म्हणजे 'जिओकॅशिंग' देवनागरीत लिहिलं म्हणून मराठी होत नाही. 'भूपेटिकाशोध' कसं वाटतं?

रंकाळा_ते_सातपूर
भूपेटिकाशोध ऐकून तलाठ्याकडे उतारा काढायला आल्यासारखं वाटलं.

नादाबद्दल: आमच्या कोल्हापुरात 'नादखुळा' ही शाबासकी आहे. कुस्तीचा नाद, बैलाचा नाद, कबुतरांचा नाद. 'आबांना कुस्तीचा छंद आहे' असं तालमीत म्हणून बघा, आबा स्वतः हसतील. ताई, तुम्ही 'नाद'च ठेवा.

अनुवादिका
शुद्धमती, छंद तितका सोवळा नाही हो. 'छंदीफंदी' कुणाला म्हणतात? 'स्त्रीछंदी'? संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, मर्जी. 'स्वच्छंद' त्यातूनच आला, आणि स्वच्छंदी मुलाचं कौतुक कुठल्या आईबापांनी केलंय? 'माझा आवडता छंद' हा निबंध शाळेत आला आणि टपाल तिकिटं, बागकाम, नाणी यांनी त्याला अंघोळ घालून भांग पाडून दिला. नाद शाळेत गेलाच नाही, एवढाच दोघांतला फरक.

पण 'जडला' मला आवडलं. रोगही जडतो, प्रेमही जडतं. काकूंनी नकळत पायपीटच्याच बाजूने मत दिलंय.

जुनं_नाशिक
नाद म्हणजे मुळात ध्वनी. आता ध्वनीचा अर्थ आसक्ती कसा झाला? माझे आजोबा सांगायचे: पारधी रानात गाणं म्हणतो, हरिण त्या नादाला भुलून जागीच उभं राहतं आणि मारलं जातं. म्हणून 'नादी लागला' म्हणजे जीव धोक्यात घातला. यात चांगलं-वाईट काही नाही. कान आहे म्हणून हरिण थांबतं.

अनुवादिका
काका, हरणाचं ते रूपक जुन्या काव्यात सापडतं खरं. पण अर्थ तिथूनच आला कशावरून? घंटेचा नाद कानात घुमत राहतो तसं एखादं काम डोक्यात घुमत राहतं, असंही म्हणता येईल.

जुनं_नाशिक
म्हणता काहीही येतं. आजोबांनी हरिणच सांगितलं होतं.

दूरदेशी
(मूळचा नाशिकरोडचा, सध्या जर्मनीत, खेळात बराच मुरलेला.) गंमत म्हणजे हीच भानगड या खेळाच्या नावात पण झाली होती. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली. तोवर साधं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, ते एकदम दहा-वीस मीटरवर आलं. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, गलोल आणि राजम्यासारख्या शेंगदाण्यांचा डबा अशी जत्रा होती. तेव्हा या प्रकाराला 'स्टॅश हंट' म्हणायचे. पण स्टॅश म्हटलं की लोकांना लपवलेला गांजा आठवतो. मग कुरकुर झाली, आणि मे संपायच्या आत मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' सुचवलं. म्हणजे तिकडेही एक काकू होत्याच!

उच्चार कॅश. 'कॅशे' नको, 'कॅचिंग' तर नकोच. मूळ फ्रेंच क्रियापद, अर्थ लपवणे.

शुद्धमती
राजम्यासारखे शेंगदाणे? शेंगदाणा ही वेगळी वस्तू आहे.

दूरदेशी
घेवड्याच्या बिया म्हणायचं होतं. उकडलेल्या, डबाबंद. धन्यवाद.

पायपीट
कॅश या उच्चाराचं ऐका. नदीच्या अंगाला एक जागा आहे. (कुठे ते सांगणार नाही, खेळात ते शिष्टसंमत नाही.) फोनवरचा बाण म्हणतो चार मीटर. दोन पावलं टाकली की म्हणतो अकरा. वर दाट झाड असलं की तो असाच पिसाळतो. मी कठड्याजवळ उकिडवी बसून बुटाची नाडी बांधायचं सोंग करत होते. शेवटी तिथला रखवालदार आला. 'ताई, काय हरवलं?' माझ्या तोंडून खरंच गेलं, 'कॅश शोधतेय.' तो दचकला. 'किती होती?' आणि मी काही बोलायच्या आत काठीने गवत बाजूला करायला लागला. भला माणूस.

डबी त्यालाच दिसली. कठड्याच्या आडव्या पट्टीच्या पोटाला, चुंबकाने चिकटलेली, करंगळीच्या पेराएवढी. वर नेमका तोच पोपटी रंग दिलेला, त्यामुळे नट-बोल्टच वाटावा. झाकण फिरवलं तर आत पट्टीसारख्या कागदाची गुंडाळी, इतकी घट्ट की केसातली पिन घालून ओढावी लागली. मी सही करत असताना तो डबी उलटी करून आपटत होता. 'यात पैसे कुठंयत?'

तर कॅशला मराठी शब्द हवा, हे शुद्धमतींचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं. भूपेटिका मात्र नको. त्या डबीला पेटिका म्हटलं तर पेटिकेला काय म्हणायचं?

शुद्धमती
आभार. मग 'गुप्तधन'?

रंकाळा_ते_सातपूर
नको! गुप्तधन शोधतोय असं रात्री टॉर्च घेऊन सांगितलं की पुढचा प्रश्न लिंबं कुठायत. पोलीस जादूटोण्याचा २०१३चा कायदा काढतील.

जुनं_नाशिक
कायद्याचंच काढलंत म्हणून सांगतो. महसूल खात्यात होतो. १८७८चा एक कायदा आहे, त्याला 'निखात निधी' म्हणतात. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. 'निखात निधी' हा शब्द तयारच आहे, भारदस्तही आहे.

दूरदेशी
काका, निखात म्हणजे खणून पुरलेलं ना? या खेळाचा पहिला नियमच आहे की कॅश पुरायची नाही. ठेवण्यासाठी खड्डा खणायचा नाही. ढोलीत, दगडाआड, पुलाच्या सांध्यात ठेवा, पण जमिनीला कुदळ लावायची नाही. त्यामुळे निखात बाद, दफीना बाद, पुरणे या धातूचं सगळं घराणं बाद.

आणि नवीन लोकांसाठी: पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे काही चिकटवू-बिकटवू नका. देवळालीला तोफखान्याच्या हद्दीच्या आसपासही नको. झुडपात डबी ठेवणाऱ्या माणसाचं तिथे कुणी कौतुक करणार नाही.

अनुवादिका
'ठेवा' घ्या की. साधा, जुना, पुरण्याची अट नाही. शिवाय डबी मोठी असेल तर आत लहानसहान वस्तू असतात, त्यांचा नियम काय? एखादी घेतलीत तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. म्हणजे नावातच नियम आला. 'ठेवा' हे नामही आणि आज्ञाही.

शुद्धमती
शब्दखेळ म्हणून ठीक. पण ठेवा मौल्यवान असतो. सांस्कृतिक ठेवा, आठवणींचा ठेवा. त्या डबीत रबरबँड आणि किंडर-जॉयमधली गाडी असते.

अनुवादिका
ज्याने ठेवली त्याला विचारा मौल्यवान आहे का.

बागलाणी
आम्ही सटाण्याकडचे. अहिराणीत लपवून ठेवणं म्हणजे दपाडणं. लहानपणी भावाने गोट्या लपवल्या की 'कोठे दपाडी ठेवं रे?' म्हणून मार बसायचा. त्यावरून 'दपाडा' करा. डबी म्हणजे दपाडा, शोधणारा तो दपाडखोर. जिल्ह्यातलाच शब्द आहे, फ्रान्सला जायची गरज नाही.

शुद्धमती
बोलीतले शब्द घेण्याला विरोध नाही, पण प्रमाण लेखनात ते खटकतात. दिवाळी अंक घरोघरी जातो.

बागलाणी
मालेगाव, कळवण, सटाणा इथली घरं त्या घरोघरीत धरता का? फ्रेंच खपतं, संस्कृत खपतं, अहिराणी खटकते. नीट सांगा, खटकतं नेमकं कोणाला?

शुद्धमती
मी तसं म्हटलं नाही.

बागलाणी
'खटकतात' वरच लिहिलंय.

रंकाळा_ते_सातपूर
दपाडाला माझं मत. उच्चारतानाच काहीतरी लपवल्यासारखं वाटतं.

दूरदेशी
भांडण थोडं वळवतो. जे खेळत नाहीत त्यांना या खेळात 'मगल' म्हणतात. जादूगारांच्या त्या गाजलेल्या कादंबऱ्यांतून उचललेला शब्द. एखादी डबी अजाण माणसाने उचलून नेली की 'मगल झाली' म्हणतात. मराठीत?

पायपीट
तिऱ्हाईत. विचारच करावा लागला नाही. 'तिऱ्हाईत गेले की काढू.' सध्या घरात हाच शब्द चालतो. धाकटी तर भाजीवालीसमोर डोळे मिचकावून 'आई, तिऱ्हाईत' म्हणते, आजूबाजूला डबी असो वा नसो.

अनुवादिका
अप्रतिम. हा एक तरी निकालात काढू या.

शुद्धमती
तिऱ्हाईत म्हणजे दोन पक्षांच्या वादातला तिसरा. इथे दोन पक्ष कोणते?

अनुवादिका
डबी आणि शोधणारा. आता पुरे.

जुनं_नाशिक
मूळ फ्रेंच शब्दाचा वापर कुठे व्हायचा हो? कुणी सांगेल का?

दूरदेशी
उत्तर अमेरिकेत कातडी मिळवायला रानात फिरणारे शिकारी आणि प्रवासी शिधासामान वाटेत दडवून ठेवायचे, परतीच्या वाटेवर उपयोगी पडावं म्हणून. बऱ्याचदा खड्ड्यातच. त्या साठ्याला कॅश. संगणकातला कॅशही तोच. लागेल ते हाताशी ठेवायची जागा.

जुनं_नाशिक
मग आपल्याकडे शब्द होता की. पेव! जमिनीत धान्य साठवायचं कोठार, वरून माती लिंपून बंद करायचं, ओळखू येऊ नये असं. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा कोंडलेली, माणूस गुदमरून मरतो. आधी वारा खेळू द्यायचा. आणि वाड्यात असायचं ते बळद. आमच्या जुन्या वाड्यात, गंगेपासून पाच मिनिटांवर, (बाहेरच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) भिंतीत बळद होतं. वरून फळी, त्यावर देवाचा कोनाडा. आजीने लाडवांचा डबा त्यातच ठेवला होता आणि तो आम्हाला कधी सापडला नाही. म्हणजे कॅशिंग आम्ही तुमच्या उपग्रहांच्या आधीपासून खेळतोय.

रंकाळा_ते_सातपूर
पेव मस्त. पण मग नाशकात डब्या वाढल्या की 'पेवांचं पेव फुटलं' म्हणावं लागेल.

पायपीट
मंडळी, नाद की छंद? शनिवार आलाच.

दूरदेशी
पेवही जमिनीतच असतं काका, पुन्हा तोच नियम आडवा येतो. बळद चालेल. भिंतीत असतं, खणावं लागत नाही.

बागलाणी
बळद आमच्याकडेही म्हणतात. म्हणजे आता प्रमाण झालं ना, शुद्धमती?

शुद्धमती
बळद मुळातच प्रमाण आहे. फक्त वरच्या प्रतिसादात 'तो बळद' की 'ते बळद' हे स्पष्ट होत नाही.

जुनं_नाशिक
ते बळद. 'भिंतीत बळद होतं' असं लिहिलंय, चष्मा लावा.

रंकाळा_ते_सातपूर
आमच्याकडं काही म्हातारे 'तो बळद' म्हणतात.

जुनं_नाशिक
बैलाला म्हणत असतील. बळद म्हणजे बैलही.

अनुवादिका
बैलाचा बळद निराळा ना, बलीवर्दावरून आलेला? की भिंतीतल्याचं मूळही तेच? कुणाकडे जुना कोश आहे?