विमान कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात गेलात? तुमचा अनुभव लिहा

मे महिना आला, दिवाळी आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विमानतळावर अडकतंच. उड्डाण रद्द, सामान गहाळ, तिकीट हातात असून जागा नाही. त्या रात्री सगळे म्हणतात, "खेचतो यांना कोर्टात." घरी पोचलं की विषय मागे पडतो, आणि कंपन्यांना नेमकं तेच हवं असतं. मला ऐकायचंय ते ज्यांनी खरंच खेचलं त्यांच्याकडून. कागद कोणते लागले, घोडं कुठे अडलं, पैसे हातात पडले का, सगळं सविस्तर लिहा.

नव्याने विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तिकिटापोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची. कंपनीचं नाव लिहू नका, अनेकांची प्रकरणं अजून चालू आहेत.

मुलुंड, निवृत्त शिक्षिका

धागा काढलात, फार बरं केलंत. आम्ही दोघं भाचीच्या लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून व्हीलचेअर आधीच नोंदवली होती. गेटपाशी जाऊन बसलो आणि उड्डाण पुढे ढकलत ढकलत शेवटी रात्री रद्द केलं. कारण दिलं हवामान. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा ड्यूटी संपली म्हणून निघून गेला. ह्यांना स्वच्छतागृहापर्यंत न्यायलाही कुणी नव्हतं, शेवटी एका अनोळखी प्रवाशाने नेलं. खायला काही नाही, पाण्याची एकेक बाटली तेवढी दिली.

त्याच वेळी पलीकडच्या गेटवरून दुसऱ्या कंपनीचं नागपूरचं विमान सुटत होतं. शेजारी बसलेल्या मुलाने फलकाचा फोटो काढला, त्यात वेळ दिसत होती. तो मला पाठवला. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, उड्डाण का रद्द झालं ते लेखी द्या. तिथली मुलगी नाही म्हणाली, पण मी हललेच नाही. शेवटी एका छापील चिठ्ठीवर शिक्का मारून दिला. त्यावर हवामानाचा उल्लेखच नव्हता, 'ऑपरेशनल कारण' एवढंच होतं.

डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम असा की उड्डाण २४ तासांच्या आत रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर १ ते २ तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते भरपाई म्हणून द्यायचं. शिवाय तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान. हवामान म्हटलं की यातल्या भरपाईतून कंपनी सुटते. म्हणून मी माहितीच्या अधिकारात हवामान खात्याकडे अर्ज केला आणि त्या रात्रीच्या नागपूर विमानतळाच्या नोंदी मागवल्या. दृश्यमानता उत्तम होती.

आधी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, पोचपावती जपून ठेवली. उत्तर आलं नाही तेव्हा वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हा आयोगात तक्रार केली. शाळेत जशा फायली लावायचे तशीच लावली: अनुक्रमणिका, पानांवर क्रमांक, प्रत्येक कागदाला निशाणी, शेवटी प्रतिज्ञापत्र. कंपनीचे वकील तारखा मागत राहिले. मी प्रत्येक तारखेला हजर होते आणि दर वेळी म्हणत होते की आमची तयारी आहे. निकालात तिकिटाचे पैसे व्याजासह, नियमाप्रमाणे भरपाई, आणि ह्यांना झालेल्या त्रासाची रक्कम वेगळी मिळाली. माझ्यासाठी व्हीलचेअरबद्दलचा तो परिच्छेद सगळ्यात मोलाचा. तो छापून घरी ठेवलाय.

डोंबिवली

माझं आयोगापर्यंत गेलंच नाही. बेंगळुरूचं कन्फर्म तिकीट, वेळेत हजर, आणि सांगतात विमान भरलंय. मोबाइलवर नियम उघडून दाखवला: स्वखुशीने जागा सोडणारा कुणी मिळाला नाही आणि एका तासात दुसरी सोय झाली नाही, तर २४ तासांच्या आतल्या विमानासाठी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं विमान दिलं तर चौपट, कमाल २०,०००. ड्यूटी मॅनेजर व्हाउचर देऊ लागला, मी घेतलं नाही. सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर तिथेच उभ्याउभ्या तक्रार टाकली. पैसे खात्यात आले.

गिरगाव, तबलावादक

फ्रँकफर्टहून परतलो. बेल्टवर तबला-डग्ग्याची पेटी आली ती एका कोपऱ्यातून फुटलेली. उघडली तर डग्ग्याचं पितळी भांडं चेपलेलं, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, शाईपासून कडेपर्यंत चिरलेली. तिथला माणूस म्हणाला, "घरी जाऊन मेल करा." अजिबात ऐकू नका. विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, भरून त्याची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. सामानाचं नुकसान झालं तर ७ दिवसांत लेखी तक्रार लागते, सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. दोन वर्षांनी दावाच संपतो.

कंपनीचा पहिला मुद्दा असा की वाद्य नाजूक, जबाबदारी प्रवाशाची. माझ्या पेटीवर त्यांच्याच काउंटरने 'नाजूक' अशी चिठ्ठी लावली होती, तिचा फोटो होता. दुसरा मुद्दा किमतीचा. आमच्या वस्तूंची पावती बहुतेकदा नसते. मग नेहमीच्या कारागिराकडून लेखी घेतलं: भांडं नवं, पुडी नवी, वादी (कातडी पट्टी) नवी, मजुरी किती. त्यांनी सही करून तारीख घातली, आणि आयोगात तोच कागद टिकला. करारात भरपाईला कमाल मर्यादा आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). माझं नुकसान त्याच्या आत बसत होतं. आयोगाने मध्यस्थीला पाठवलं आणि तिथे मिटलं. डग्गा आता चांगला बोलतो, पण ते जुनं भांडं वडिलांचं होतं, त्याची भरपाई कोण करणार?

दादर, वकील

दोन गोष्टी सांगतो, कारण अर्धवट माहितीवर लोक निराश होतात. तिकिटावर बारीक अक्षरांत 'फक्त दिल्लीचं न्यायक्षेत्र' असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की अशा अटीने ग्राहक मंचांचा (आताच्या आयोगांचा) अधिकार जात नाही.

पण त्याच निकालाची दुसरी बाजूही वाचा. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीच्या धुक्यात विमानात अडकलेल्या प्रवाशाला कायमस्वरूपी लोकअदालतीने दिलेली भरपाई तिथे रद्द झाली, कारण धुक्यावर कंपनीचा ताबा नव्हता. खाणं-पाणी आणि किमान सोयी देण्याची जबाबदारी मात्र धुक्यातही सुटत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणून तक्रार लिहिताना उशीर आणि वागणूक हे दोन वेगळे मुद्दे करा. मुलुंडच्या ताईंनी तेच केलं, म्हणून त्यांचं प्रकरण भक्कम झालं.

कांदिवली

पोर्टलवरून काढलेलं तिकीट रद्द झालं. पोर्टल म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे पोर्टलला. नियमात एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, एजंट हा तिचा प्रतिनिधी. आणि पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. दोघांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करा, मग एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. मी ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल केली.

ठाणे

माझ्या हाती काहीच लागलं नाही, तेही लिहायला हवं. तक्रार दाखल झाली, आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ खाली स्थगिती लागली की चालू प्रकरणंही थांबतात. दावा भरून दिलाय. बँका आणि विमानं भाड्याने देणारे मोठमोठे दावेदार समोर असताना आमच्या कुटुंबाच्या तिकिटांना कोण विचारतो! लग्नासाठी साठवलेले पैसे होते. याचा फार राग येतो. प्रवाशांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती का नसावी?

परळ

आदेश मिळाल्यावर काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कंपनीने लेखी म्हणणं ३० अधिक १५ दिवसांची मुदत उलटल्यावर आणलं. आयोगाने ते घेतलं नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. मग शांतता. अपिलाला ४५ दिवस असतात, आणि अपील करायचं तर आदेशाची अर्धी रक्कम आधी भरावी लागते. कंपनीने ना अपील केलं, ना पैसे दिले. मेलला उत्तर नाही.

मी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज केला. आदेश न पाळल्यास १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. संचालकांच्या नावाने समन्स निघाल्यावर मुख्य कार्यालयातून फोन आला, बँकेचा तपशील विचारला, व्याजासह रक्कम जमा झाली. त्यांचे वकील म्हणाले, अर्ज मागे घ्या. मी आधी पासबुक भरून आणलं आणि मगच पुरसिस, म्हणजे अर्ज मागे घेतल्याचं लेखी निवेदन, दिली.